बाबा, २३ मार्चचं पान मी बदललं

ती. आई आणि ती. बाबा यांस,
साष्टांग नमस्कार.

आई, हे पत्र तूच मोठ्याने वाच. मोतीबिंदूच्या ऑपरेशनला अजून महिनाही झालेला नाही, तेव्हा बाबांनी भिंग घेऊन बसायचं नाही.

बाबा, वाचनालयाच्या सिंधी दिनविशेषाच्या फळ्यासाठी २३ मार्चचं पान मी तुम्हाला न विचारता पक्कं करून पाठवलं. तुमच्या वहीतल्या काही नोंदींचे शब्द बदलले आणि एक नोंद दुसऱ्या तारखेला हलवली. चाळीस वर्षांच्या वहीत परस्पर हात घातला, याचं मला वाईट वाटतंय. पण विचारलं असतं तर तुम्ही रात्री दिवा लावून वही काढली असतीत, म्हणून नाही विचारलं. कारणं ऐका, मग रागवा.

पहिलं नाव सिंधचा क्रांतिकारक हेमू कलानी याचंच ठेवलं. जन्म २३ मार्च १९२३, सक्खर. तुम्ही पुढे ‘पाकिस्तान’ लिहिलं होतं, तिथे ‘सिंध, तेव्हा मुंबई इलाखा’ असं केलं. १ एप्रिल १९३६ ला सिंध वेगळा प्रांत झाला, तोवर सक्खरचा कारभार मुंबईच्या नावानेच चालायचा. जन्माच्या नोंदीत त्या दिवशीचा मुलूख लिहायचा, आजचा नाही. ‘विसाव्या वर्षी फाशी’ हे तुमचं अगदी बरोबर आहे, ते तसंच आहे. २१ जानेवारी १९४३ ला त्याला वीस पूर्ण व्हायला दोन महिने बाकी होते. नकलून घेणारे त्याचं ‘२० वर्षांचा’ करून टाकतात, म्हणून आकडा न घालता अक्षरीच ठेवलं.

‘रूळ उखडले’ मात्र काढलं. ऑक्टोबर १९४२ मध्ये गोऱ्या फौजेची गाडी येणार म्हणून तो आणि त्याचे सोबती फिशप्लेटा काढत होते. दोन रुळांच्या सांध्याला दोन्ही बाजूंनी लोखंडी पट्टी असते, ती बोल्टांनी आवळलेली असते. नट पान्याने एकेक सोडवावा लागतो, त्याला वेळ लागतो आणि रात्रीच्या शांततेत लोखंडाचा आवाज लांब जातो. फळा वाचणाऱ्या पोरांना हे कळलं पाहिजे. हेमू पकडला गेला आणि सोबत्यांची नावं त्याने सांगितली नाहीत.

भगतसिंग, राजगुरू, सुखदेव यांची नोंद तुमच्या जागीच आहे. ‘यात सिंधी काय?’ असं कुणी विचारलं तर दोन गोष्टी सांगा. २३ मार्च १९३१ ला हेमूचा आठवा वाढदिवस होता. आणि त्या फाशीनंतर तीनच दिवसांनी कराचीत काँग्रेसचं अधिवेशन सुरू झालं, अध्यक्ष वल्लभभाई. कराचीच्या अलीकडे मालीर स्टेशनावर चिडलेल्या तरुणांनी गांधीजींना काळी फुलं दिली. आपल्या खेडच्या राजगुरूंचा शोक सिंधपर्यंत असा पोचला होता. काही जुन्या टिपणांत ही फाशी २४ मार्चला आहे. ठरली होती २४ च्या सकाळी, दिली २३ च्या संध्याकाळी. ‘ठरलेली’ आणि ‘घडलेली’ यांतली घडलेलीच घ्यायची.

१९४० चा लाहोर ठराव ‘मंजूर’ लिहिला होतात, मी ‘मांडला’ केलं. मुस्लिम लीगचं अधिवेशन २२ ते २४ मार्च चाललं. फजलुल हक यांनी ठराव २३ ला मांडला, तो मंजूर झाला २४ ला. सिंधकडून अब्दुल्ला हारून यांनी त्याला पाठिंबा दिला, त्यांचं नाव मी वाढवलं. ठरावात ‘पाकिस्तान’ हा शब्दच नव्हता, तो मागाहून चिकटला. म्हणून तुमचं ‘पाकिस्तान ठराव’ काढून ‘लाहोर ठराव’ लिहिलं. २३ मार्च १९५६ ला पाकिस्तान प्रजासत्ताक झालं, ती नोंद राहिली, फक्त ‘सिंध प्रांतासह’ हे शब्द गेले. ऑक्टोबर १९५५ ते जून १९७० सिंध नावाचा प्रांतच नव्हता, सगळा पश्चिम पाकिस्तान एकच केला होता. ही ओळ फळ्यावर मोठी लिहायला सांगितली आहे, कारण ती कुणालाच माहीत नसते.

आता हलवलेली नोंद. इंग्रजांशी लढणाऱ्या सिंधच्या हुर लोकांचे धर्मगुरू पीर पगारो, सिबगतुल्ला शाह, यांना हैदराबादच्या तुरुंगात फाशी दिली ती २० मार्च १९४३ ला. चूक तुमची नाही, बाबा. दादा आजोबांच्या टिपणातल्या सिंधी अंकांत शून्य म्हणजे नुसता ठिपका. त्यावर शाई फुटलेय आणि तुम्हाला ती तीन वाटली. मी उजेडात धरून पाहिलं. त्या अंकांत दोनला एक दाता आणि तीनला दोन, त्यामुळे २२ आणि २३ ची गफलतही नेहमी होते. दादांच्या अक्षरातली प्रत्येक तारीख आता दुसरीकडे ताडूनच घ्यायची, असं ठरवलंय.

चेटीचंड, म्हणजे आपलं सिंधी नववर्ष, या पानावर कायमचा लिहू नका. तो तिथीने येतो, पाडव्याला किंवा दुसऱ्या दिवशी. त्याची सुटी चिठ्ठी करून दरवर्षी हलवायची. आणि १ जूनचे सगळे वाढदिवस मला पाठवा. त्यांतले निम्मे तरी शाळेत नाव घालताना मास्तरांनी टाकलेले असणार.

फळा आता शेजारचा मुलगा लिहील. तुम्ही खाली खुर्चीवर बसून शुद्धलेखन सांगायचं. मला खांद्यावर बसवून सर्वांत वरची ओळ माझ्याकडून लिहून घ्यायचात, तसंच समजा. स्टुलावर चढायचं नाही, खडूची धूळ डोळ्यात गेलेली चालणार नाही. आई, थेंबांच्या वेळा फ्रिजवर चिकटव, दोन थेंबांमध्ये पाच मिनिटं सोडायची. सकाळी त्यांना कोकी दे, पण मिरची कमी घाल.

वही सुती कापडात गुंडाळून माझ्या कपाटात ठेवली आहे, ती तुमचीच आहे. पीर पगारोंची नोंद १९ च्या रात्री फळ्यावर जायला हवी. एखादा शब्द तुम्हाला पटला नाही तर त्याच्या आत आईकडून फोन करवा, मी परत बदलेन.

तुमची,
छोटी