आनंदमेळाव्यातला नफा आणि वहीतला नफा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

दरवर्षी मुंबईतल्या शाळाशाळांतून आनंदमेळावे भरतात. मुले भेळ, सरबत, भेटकार्डे विकतात, तासाभरात टेबले रिकामी होतात आणि संध्याकाळी फळ्यावर प्रत्येक वर्गाचा 'नफा' लिहिला जातो. कुरमुरे घरून आलेले, चिंचेची चटणी आईने आदल्या रात्री केलेली, टेबल शाळेचे, गिऱ्हाईक म्हणजे आपलेच पालक आणि शिक्षक. त्या आकड्याला नफा म्हणता येत नाही. ती नुसती विक्री आहे, तिचा खर्च कोणीतरी दुसऱ्याने सोसला आहे. मेळावे जरूर भरवावेत, मुलांना मजा येते. पण उद्योजकतेचे शिक्षण म्हणून त्यांची नोंद होते, त्याला आमची हरकत आहे.

शाळेत धंदा शिकवायचा तर सुरुवात कल्पनेपासून नको, हिशेबाच्या वहीपासून हवी. त्यासाठी नवा विषय किंवा नवे पुस्तकही लागत नाही. आठवीच्या गणितात सूट आणि कमिशन आहे, दहावीच्या गणित भाग १ मध्ये 'अर्थनियोजन' या प्रकरणात जीएसटी आहे. बारावी वाणिज्यच्या 'वाणिज्य संघटन आणि व्यवस्थापन' मध्ये उद्योजकता विकासाचे स्वतंत्र प्रकरण आहे. अडचण अशी की हे सगळे सुटेसुटे पडले आहे. हेन्री फेयॉलची व्यवस्थापनाची चौदा तत्त्वे मुलांना क्रमाने पाठ असतात, पण पन्नास नग केले आणि बेचाळीस विकले तर एका नगाला खर्च किती आला, हे विचारले की पेन थांबते.

एक उदाहरण सविस्तर देतो. नववीच्या सहा मुलांच्या गटाने दिवाळीसाठी पन्नास आकाशकंदील करायचे ठरवले. (भाव समजुतीपुरते धरले आहेत, प्रत्यक्षातले बाजारात जाऊन घ्यावेत.) एका कंदिलाला बांबूच्या कामट्या २० रुपये, कागद २५, दोरा आणि खळ ५, पिशवी ५, एकूण ५५ रुपये. विक्रीची किंमत १५०. मुलांचा हिशेब तिथेच संपतो: नगामागे ९५, पन्नास नगांचे ४,७५० रुपये.

आता वही उघडा. पहिले पाचेक कंदील वाकडे होतात किंवा कागद फाटतो, म्हणून सामान ५५ नगांचे लागते. ते झाले ३,०२५. क्रॉफर्ड मार्केटच्या बाजूला अब्दुल रेहमान स्ट्रीटवर घाऊक कागद आणायला दोघांचे जाणे-येणे १००. खर्च ३,१२५. विक्रीत अडतीस नग पूर्ण किमतीला गेले, ५,७०० आले. शेवटच्या संध्याकाळी सात नग ८० ला काढले, ५६० आले. पाच पडून राहिले. जमा ६,२६०. शिल्लक ३,१३५, म्हणजे कागदावरच्या नफ्यातले सोळाशे रुपये इथेच गेले. पुढे मजुरी. एका कंदिलाला ४० मिनिटे धरली तर पंचावन्न नगांना ३६ तास ४० मिनिटे लागतात. तासाला ६० रुपयांनी २,२००. उरले ९३५. चार संध्याकाळी दोन-दोन तास दोघे जण विकायला उभे होते, त्या सोळा तासांचे ९६०. आता २५ रुपये तोटा.

हा तोटा मुलांना दिसला पाहिजे. मजुरी कोणाला द्यायची नसते, ती वहीत मांडायची असते. 'आम्ही घरीच केले, त्याला कुठे पैसे पडले' हे वाक्य मुंबईतल्या कितीतरी पोळीभाजी केंद्रांत आणि शिवणकामात रोज ऐकू येते आणि दर ठरवताना तेच नडते. तोटा दिसल्यावर मग खरे प्रश्न सुरू होतात. कामट्या कापायला एक जण, चिकटवायला दोघे, असे काम वाटले तर ४० मिनिटांची २५ होतील का? तीसच नग करायचे का? माहीमच्या कंदील गल्लीत तयार माल काय भावाने मिळतो आणि आपला कंदील कोणी का घ्यावा? फेयॉलचे श्रमविभागणीचे तत्त्व शिकवायला याहून चांगली वेळ नाही.

मुंबईत आणखी एक गोष्ट आड येते, हवा. ऑगस्ट-सप्टेंबरात खळ लवकर वाळत नाही, कागद सैल पडतो, आणि कणकेच्या खळीला शाळेच्या कपाटातली झुरळे सोडत नाहीत. माल आधी करून ठेवावा तर खराब होतो, उशिरा करावा तर सत्र परीक्षा येते. हे वेळापत्रक जुलैतच मुलांकडून उलटे मांडून घ्यावे: विक्रीचा शेवटचा दिवस आधी लिहायचा आणि मागे मागे येत कागद खरेदीची तारीख काढायची. वसुबारसेनंतर कंदील विकायला उभे राहिलेल्या गटाला गिऱ्हाईक भाव पाडूनच मागते.

वही साधी असावी. रोजमेळ पुरे: आरंभीची शिल्लक, जमा (आलेले पैसे), नावे (गेलेले पैसे), अखेरची शिल्लक. त्याच दिवशी लिहायचा, दुसऱ्या दिवशी आठवून नाही. गल्ला दोघांनी वेगवेगळा मोजून आकडा चिठ्ठीवर लिहायचा, मग चिठ्ठ्या जुळवायच्या. फरक जवळजवळ नेहमी तीन ठिकाणी सापडतो: सुटे देताना झालेली चूक, मित्राला 'उद्या दे' म्हणून दिलेला माल, आणि गल्ल्यातूनच घेतलेला वडापाव. उधारीला वेगळे पान हवे, नाव आणि तारखेसह. क्यूआर कोडचा घोळ नवा आहे. एखाद्या पालकाचा किंवा शिक्षकाचा कोड टेबलावर ठेवला की घरचे आणि धंद्याचे पैसे एकत्र होतात, आणि मेळ कधीच लागत नाही. शाळेच्या खात्याचा कोड मिळत नसेल तर रोखीनेच विकावे. शिक्षकाचे वैयक्तिक खाते कोणत्याही परिस्थितीत नको.

खरेदीच्या बिलावर एक जोडतास द्यावा. जीएसटी क्रमांक पंधरा अंक-अक्षरांचा असतो, पहिले दोन अंक राज्याचे, महाराष्ट्राचे २७, पुढची दहा स्थाने पॅनची. मुले कराआधीची रक्कम खर्चात धरतात आणि पुढे हिशेब जुळत नाही. आपली नोंदणी नसली तर भरलेला कर हा आपला खर्चच. उलट, बिलात जीएसटी नाही म्हणजे दुकानदार चोर, हा समजही वर्गातच खोडावा. महाराष्ट्रात नुसत्या मालाच्या व्यवहारात वार्षिक उलाढाल ४० लाखांपर्यंत असेल तर सर्वसाधारणपणे नोंदणीची सक्ती नाही. २२ सप्टेंबर २०२५ पासून दर बदलले, १२ टक्क्यांतल्या बहुतेक वस्तू ५ टक्क्यांत आल्या. त्याआधीचे आणि नंतरचे एकाच वस्तूचे बिल शेजारी ठेवले की प्रकरण समजते.

दुकानात माल ठेवायला गेलेली मुले हमखास फसतात ती टक्केवारीत. दुकानदार '३० टक्के' म्हणतो ते छापील किमतीवर. १५० च्या कंदिलावर त्याचे ४५, आपल्या हाती १०५. मुले १०५ वर ३० टक्के काढून ३१ रुपये ५० पैसे धरतात आणि नगामागे साडेतेरा रुपयांचा खड्डा पडतो. माल जांगड ठेवला की रोख विकला हेही आधी ठरवायचे. जांगड म्हणजे विकेल तेवढ्याचेच पैसे, उरलेला परत, आणि परत येताना झिरमिळ्या चुरगळलेल्या. या शब्दाला पुस्तकात जागा नाही, बाजारात मात्र अर्धा व्यवहार त्यावर चालतो.

बाजारपेठेची पाहणी म्हणून मुले प्रश्नावली छापतात. 'तुम्ही आमचा कंदील घ्याल का?' शेजारच्या काकू 'हो' म्हणणारच. त्याऐवजी २० रुपये आगाऊ मागावेत, खरे गिऱ्हाईक तिथे कळते. किंवा दादरच्या रानडे रोडवर एका दुकानासमोर अर्धा तास उभे राहून किती जणांनी भाव विचारला आणि किती जणांनी माल घेतला, एवढेच मोजावे.

भांडवल बक्षीस म्हणून देऊ नये, उसने द्यावे. दिल्लीच्या सरकारी शाळांत २०२१ पासून अकरावी-बारावीच्या मुलांना प्रत्येकी दोन हजार रुपये बीजभांडवल देण्याचा प्रयोग झाला. पैसा हातात आल्याशिवाय मुले धंदा गंभीरपणे घेत नाहीत हे त्यात बरोबर ओळखले होते. पण परीक्षकांसमोर झकास सादरीकरण हेच शिखर ठरले की वही मागे पडते, तेवढे टाळावे. मुंबईत एका गटाला तीन हजार रुपये माजी विद्यार्थ्यांच्या निधीतून देता येतील. मात्र मुलांकडून कर्जरोखा लिहून घेऊ नये. भारतीय करार कायदा, १८७२ प्रमाणे अठरा वर्षांखालील व्यक्तीशी केलेला करार टिकत नाही. रक्कम शाळेने बुडाली तरी चालेल एवढीच द्यावी, आणि तोटा पालकांनी भरून देऊ नये. तसे झाले की मुलांच्या लेखी तोटा झालाच नाही. पहिल्या वर्षी खाद्यपदार्थही नकोत. अन्न सुरक्षा नोंदणी, स्वच्छता, त्याच दिवशी नासणारा माल, एवढे सगळे एकदम नववीच्या मुलांवर टाकू नये. पदपथावर तर मुळीच उभे करू नये. शाळेचे आवार आणि सोसायट्यांची अंगणे पुरतात.

शिकवणार कोण, हा प्रश्न रास्त आहे. माध्यमिक शाळेत वाणिज्यचा शिक्षक नसतो, पण अनेक संस्थांत त्याच इमारतीत कनिष्ठ महाविद्यालय असते. आठवड्याला एक जोडतास, बारा आठवडे, एवढे मागणे फार नाही. पालकांनाही बोलवावे, पण 'यशोगाथा' सांगायला नको. मासे विकणाऱ्या मावशींना विचारावे: बर्फाला रोज किती लागतात, संध्याकाळी उरलेल्या बांगड्याचे काय करता, भाव किती वाजता उतरवता? मराठी माणूस धंद्यात मागे का, यावरची व्याख्याने ऐकून आम्हाला कंटाळा आला आहे. या तीन प्रश्नांच्या उत्तरांत त्याहून जास्त सापडेल.

गुण नफ्याला देऊ नयेत. नफ्याला गुण दिले की वही रंगवली जाते. वीस गुणांपैकी आठ रोजमेळाला, पाच खर्चपत्रकाला, चार पाहणीला, तीन अखेरच्या टिपणाला, ज्यात उरलेला माल मोजून लिहिलेला असेल. बारावीच्या वीस गुणांच्या प्रकल्पाची तयार वही बाहेर विकत मिळते. कंदिलाच्या खर्चपत्रकाची नक्कल करणे कठीण, कारण कोणत्याही दोन गटांचे वाया गेलेले नग सारखे नसतात.

पालकांना एक विनंती. विक्रीच्या पहिल्या तीन दिवशी मुलांच्या टेबलाकडे फिरकू नका, नातेवाइकांनाही पाठवू नका. किंमत चढी आहे की उतरती, हे अनोळखी गिऱ्हाइकाकडून मुलांना कळू द्या. घ्यायचाच असेल तर चौथ्या संध्याकाळी, उरलेल्यांतला, त्या दिवशीच्या भावाने घ्या.

आपले,
वाणिज्य आणि गणित शिकवणारे काही शिक्षक,
दादर-परळ, मुंबई