लंपनला किशोरांच्या कपाटात जागा द्या

महोदय,

सुट्टीत नातीबरोबर भा. रा. भागवत यांच्या ‘फास्टर फेणे’च्या गोष्टी आणि प्रकाश नारायण संत यांचा ‘वनवास’ लागोपाठ वाचला. फुरसुंगीच्या बनेशची, म्हणजेच फास्टर फेणेची, धाव आजही वाचकाला ओढून नेते, मात्र योगायोग त्याच्या मदतीला जरा जास्तच तत्परतेने येतात (नातीला हे मुळीच मान्य नाही). आईवडिलांपासून दूर, आजी-आजोबांकडे राहणाऱ्या ‘वनवास’मधल्या लंपनच्या आयुष्यात तसे थरारक काही घडत नाही. पण त्याचे मैत्रीण सुमीसमोरचे गोंधळणे आणि घरच्या आठवणीने व्याकूळ होणे संतांनी त्याच्याच कानडी वळणाच्या बोलीत असे टिपले आहे, की हिंदीच्या सहवासात मराठी बोलणाऱ्या इंदूरच्या मुलांनाही तो आपला वाटावा. लंपनचीच ‘शारदा संगीत’, ‘पंखा’ आणि ‘झुंबर’ ही पुस्तकेही येथील मराठी ग्रंथालयांनी किशोर विभागात ठेवावीत.

– एक वाचक, इंदूर