ताई, प्रत्येक कागदामागचं कारण सांगितलंत म्हणून

प्रिय ताई,

सा. न. वि. वि.

लेकीचं कॅथलिक मुलाशी चर्चमध्ये लग्न पार पडलं, पाहुणे आपापल्या घरी गेले, आणि आज निवांतपणे हे पत्र लिहायला बसले. चर्चच्या ऑफिसात रोज कितीतरी लोक तुमच्याकडे येत असतील. पण नौपाड्यातल्या माझ्यासारख्या धास्तावलेल्या आईला तुम्ही ज्या धीराने सगळं समजावलंत, त्याचे आभार चारचौघांत मानावेत असं मनापासून वाटलं. अशी लग्नं ठाण्यात होतच असतात. इतर आईवडिलांनाही उपयोग होईल.

"मुलीला आधी बाप्तिस्मा घ्यावा लागणार" असं नात्यातल्या बऱ्याच जणांनी ठासून सांगितलं होतं. मी तेच आधी विचारलं. तुम्ही सरळ म्हणालात, "नाही. ती हिंदू राहूनच इथे लग्न करू शकते." मात्र एक पक्ष बाप्तिस्मा न घेतलेला असला, तर बिशपांकडून डिस्पेन्सेशन, म्हणजे खास सूट, मिळवावी लागते, आणि ती नसेल तर चर्चच्या दृष्टीने लग्न ग्राह्यच धरलं जात नाही. ठाणे मुंबईच्या महाधर्मप्रांतात (आर्चडायोसिसमध्ये) येतं, म्हणून अर्ज तिकडे जातो, हेही तुम्हीच सांगितलंत.

आणि अवघड गोष्टही झाकून ठेवली नाहीत. मुलांना कॅथलिक श्रद्धेत वाढवण्यासाठी आपल्याकडून होईल ते सगळं करीन, असं वचन जावयांनी द्यायचं. माझ्या मुलीकडून ते घेत नाहीत, पण तिला त्याची पूर्ण कल्पना दिलेली असली पाहिजे. "हे आत्ताच घरात बोलून घ्या, हॉल बुक केल्यावर नको," म्हणालात. त्या रात्री आमच्याकडे जेवणं लांबली, आवाजही चढले. पण बोलणं झालं, आणि वेळेत झालं.

जावयांचा बाप्तिस्मा वसईकडचा, 1995 चा. वसई धर्मप्रांत 1998 मध्ये मुंबईपासून वेगळा झाला, मग दाखला आता कुठे मागायचा, या विचाराने विहीणबाई गोंधळल्या होत्या. बाप्तिस्मा ज्या चर्चमध्ये झाला, नोंदवही तिथेच असते, हे तुम्ही सांगितल्यावर त्यांचा जीव भांड्यात पडला. घरातला जुना, लॅमिनेट केलेला दाखला मात्र तुम्ही परत केलात. सहा महिन्यांच्या आतला नवा हवा. का, ते दाखवायला एका पाठकोऱ्या कागदावर तुम्ही नोंदवहीचे रकाने आखलेत: नाव, तारीख, आईवडील, धर्ममातापिता, आणि शेवटी शेऱ्याची जागा. लग्न झालं की त्याची खबर बाप्तिस्म्याच्या चर्चला जाते आणि त्या शेऱ्यात लिहिली जाते. म्हणजे ताज्या दाखल्यावरून माणूस आधी विवाहित आहे की नाही हे कळतं. तो कागद मी अजून जपून ठेवला आहे.

जावयांच्या दृढीकरणाचा (बाप्तिस्म्यानंतरच्या कन्फर्मेशन या संस्काराचा) दाखला, मुलीचं अविवाहित असल्याचं प्रतिज्ञापत्र, विवाहपूर्व कोर्सचं प्रमाणपत्र, हे सगळं तुमच्या यादीप्रमाणे जमत गेलं. तारखेचंही तसंच. मी पंचांगातून काढलेला मुहूर्त नेमका ख्रिस्ती लोकांच्या ईस्टरआधीच्या उपवासकाळात येत होता. आमच्याकडे चातुर्मासात लग्नं धरत नाहीत, त्यामुळे तुमचं म्हणणं मला लगेच पटलं, आणि आम्ही ईस्टरनंतरची तारीख घेतली.

मला सगळ्यात मोलाचं वाटलं ते फादरांनी दोघांना वेगवेगळं बसवून विचारणं. मी बाहेरच्या बाकावर होते. तुम्ही सांगितलंत की लग्नाला स्वतःची संमती आहे का, कुणी दबाव तर आणला नाही ना, हे तिथे विचारतात, कारण जबरदस्तीने दिलेला होकार चर्च होकार मानतच नाही. ताई, आमच्या घरात इतकी चर्चा झाली, पण तिला असं एकटीला बसवून हा प्रश्न कुणी विचारला नव्हता. ती बाहेर आली तेव्हा तिच्या चेहऱ्यावर केवढा मोकळेपणा होता!

वधू हिंदू असल्याने विधी मिस्साशिवाय, म्हणजे चर्चमधल्या मुख्य उपासनेशिवाय, झाला. जावयांच्या आजींना त्याची हुरहूर होती. त्यांच्याशी तुम्ही वसईच्या बोलीत बराच वेळ बोलत बसलात, हे मी पाहिलं. तेही तुमचं काम नव्हतं.

माझ्या शाळेतल्या मैत्रिणीच्या मुलाचं घणसोलीत असंच जमतंय. चर्च तिकडचं असलं, तरी आधी तुमच्याशी एकदा बोलून घे, असं मी तिला सांगितलंय. तेवढी तसदी घ्या. आणि लग्नाच्या गडबडीत तुमचं जेवण राहिलं, तेव्हा एका रविवारी मिस्सानंतर घरी या. पुरणपोळी करते.

तुमची,
नवरीची आई, नौपाडा, ठाणे