चोवीस डब्यांचा केक

पुणे, दि. १२ मे

चिरंजीव बाळ यास,
आईचे अनेक आशीर्वाद.

छकुलीच्या पाचव्या वाढदिवसाचा केक या वेळी तू स्वतः घरी करणार आहेस आणि तो आजोबांच्या फोटोतल्या निळ्या-पांढऱ्या डेक्कन क्वीनसारखाच हवा असा तिचा हट्ट आहे, हे सूनबाईने कळवले. मला फार आनंद झाला. फोनवर मापे आणि बारकावे सांगून लक्षात राहत नाहीत, म्हणून सगळे लिहूनच पाठवत आहे. ओट्याजवळ हा कागद लावून ठेव.

सजावटीचा विचार करण्याआधी वाटपाचा विचार कर, हे माझे पहिले आणि सर्वांत आग्रहाचे सांगणे आहे. घरून ऑर्डरचे केक करताना मी अनेक वाढदिवसांना शेवटपर्यंत थांबले आहे आणि बहुतेक ठिकाणी एकच प्रकार पाहिला आहे. बाहुलीचा किंवा मोटारीचा सुंदर केक मांडतात, फोटो काढतात, मग तो उचलून स्वयंपाकघरात नेतात आणि तिथे घाईघाईने त्याचे वेडेवाकडे तुकडे पडतात. एका मुलाच्या ताटलीत साखरेचे फूल येते, दुसऱ्याच्या ताटलीत नुसता कोरडा काठ. मोठ्यांना त्याचे काही वाटत नाही, पण पाच वर्षांच्या मुलाला आपल्या वाट्याला काय आले हे बरोबर कळते आणि ते मूल मागत नाही, नुसते शेजारच्या ताटलीकडे पाहत राहते. शिवाय जिच्यासाठी एवढे केले तिलाच आपल्या बाहुलीच्या मानेवरून सुरी फिरवायला सांगतात, तेव्हा कित्येक मुली रडू लागतात. आगगाडीच्या केकमध्ये या दोन्ही अडचणी उरत नाहीत, म्हणून छकुलीची निवड मला मनापासून आवडली. डबे सुटेच करायचे, प्रत्येक मुलाचा एक अखंड डबा, आणि सुरी लागेल ती फक्त इंजिनाला.

आता हिशेब. नऊ इंच रुंद आणि तेरा इंच लांब ट्रेमध्ये भाजलेल्या केकचे रुंदीत तीन आणि लांबीत आठ भाग केले, की तीन इंच लांब आणि दीड इंचाहून थोडे अधिक रुंद असे चोवीस डबे होतात. सोसायटीची आणि शाळेची मिळून वीस मुले येणार असतील, तर चार डबे हाताशी राहतात आणि ते लागतातच. कुणाचे धाकटे भावंड येते, एखादा डबा उचलताना मोडतो. इंजिनासाठी लहान लोफ टिनमध्ये, म्हणजे पावाच्या लांबट साच्यात, वेगळा केक भाजावा, म्हणजे ते डब्यांपेक्षा उंच दिसेल. हा ट्रे तुमच्या ओव्हनमध्ये बसतो का, हे आधी रिकामा ट्रे ठेवून पाहा. बसत नसेल तर निम्म्या मापाचे दोन ट्रे एकामागून एक भाजावेत, आणि दुसऱ्याचे मिश्रण तो ओव्हनमध्ये ठेवायच्या वेळीच कालवावे. मोठ्या माणसांसाठी सजावटीविना दुसरा साधा केक करून ठेव. मुलांच्या गाडीला मोठ्यांनी हात लावू नये.

केक बिनअंड्याचाच कर. तुमच्या शेजारचे जैन कुटुंब आणि अंडे न खाणाऱ्या आजीबाई या दोघांसाठीही तेच सोयीचे आहे, आणि मग देवापुढे एक डबा ठेवायलाही हरकत नाही. बिनअंड्याचा केक म्हणजे काहीतरी कमी प्रतीचे, असे मानणाऱ्यांशी मी कधीच सहमत झाले नाही. ज्या बेकिंग पावडरवर आपला हा केक फुलतो, ती बर्मिंगहॅमच्या आल्फ्रेड बर्ड या औषधविक्रेत्याने १८४३ साली तयार केली, कारण त्याच्या पत्नीला यीस्ट सोसत नव्हते; अंडीही सोसत नव्हती म्हणून त्याने त्याआधी बिनअंड्याचे कस्टर्ड केले होते. घरातल्या एका माणसाला सर्वांबरोबर खाता यावे, एवढ्यासाठी झालेली ही खटपट आहे, आणि तुझ्या टेबलाशी बसणाऱ्या प्रत्येक मुलाचा विचार तूही तसाच करावास.

ट्रेसाठी माप असे: कंडेन्स्ड मिल्कचा ४०० ग्रॅमचा एक डबा, २८० ग्रॅम मैदा, १२० ग्रॅम वितळवलेले लोणी, दोन चमचे बेकिंग पावडर, एक चमचा खाण्याचा सोडा, दोन चमचे व्हॅनिला आणि सुमारे १५० मिलिलिटर दूध. चमचे म्हणजे मापाचे लहान चमचे, तेही सपाट. इंजिनाला याच्या निम्मे पुरते. मैदा, पावडर आणि सोडा एकत्र तीनदा चाळून घे, कारण सोड्याची गुठळी राहिली तर त्या जागी केक कडू लागतो. ओल्या आणि कोरड्या जिनसा एकत्र केल्यावर फेटत बसू नकोस. मैदा दिसेनासा होईपर्यंत हलक्या हाताने कालवून लगेच, आधीच १८० अंशांवर तापवलेल्या ओव्हनमध्ये ट्रे ठेव. पावडर आणि सोडा ओले होताच वायू सोडू लागतात आणि मिश्रण तसेच राहिले तर तो निघून जातो. ट्रेला पंचवीस ते तीस मिनिटे पुरावीत, इंजिनाला थोडी अधिक. मधोमध टोचलेली काडी कोरडी निघाली की झाले.

हे सारे आदल्या दिवशी सकाळी कर. पूर्ण निवल्यावर केक नीट गुंडाळून रात्रभर फ्रिजमध्ये ठेव आणि डबे दुसऱ्या दिवशी, केक थंड असतानाच काप. ताज्या केकचा भुगा पडतो, थंड केकच्या कडा सरळ येतात. सुरी दातेरी असावी आणि प्रत्येक कापानंतर ओल्या फडक्याने पुसावी. वरचा फुगवटा कापून टाकल्यावर जो चुरा उरेल तो फेकू नकोस; त्यात थोडे वितळवलेले चॉकलेट मिसळले की खंडाळ्याच्या घाटातले डोंगर आणि एखादा बोगदा होतो.

नागपूरचा जूनचा पहिला आठवडा लक्षात घेता क्रीमचा विचारही करू नये. व्हीपिंग क्रीम थंड खोलीतच उभे राहते, आणि लोणी तर पस्तीस अंशांच्या आतच वितळते. पंख्याखाली वीस मुले जमली की गाडी रुळांवरून वाहून जाईल. फॉन्डंट, म्हणजे केकवर लाटून घालायचे साखरेचे आवरण, उन्हाळ्यात टिकते आणि दिसतेही सुबक, पण मुले त्याचा जाड थर सोलून ताटलीच्या कडेला ठेवतात, हे मी नेहमी पाहिले आहे. त्यापेक्षा बारीक आयसिंग शुगर दोनदा चाळून, लिंबाचा रस आणि अगदी थेंबाथेंबाने पाणी घालून दाटसर लेप कर. तो वाळून घट्ट होतो, उकाड्याने वितळत नाही, आणि लिंबामुळे गोडी कमी भासते. आधी प्रत्येक डब्याला गाळलेला जॅम थोडा कोमट करून पुसट लाव, म्हणजे भुगा लेपात येणार नाही. लेप पांढराशुभ्र असल्यामुळे निळा रंगही खरा निळा येतो. लोण्याच्या पिवळटपणात निळा मिसळला की हिरवट होतो. रंग फिकट वाटला तरी आणखी घालण्याची घाई करू नकोस, तासाभरात तो आपोआप गडद होतो. डब्याचा खालचा भाग निळा, वरचा पांढरा आणि एक बारीक लाल पट्टा, एवढे बटर पेपरच्या कोनाने काढले तरी फोटोतली गाडी ओळखू येईल. चाकांना रंगीत चॉकलेटच्या गोळ्या आणि दिव्यांना टुटीफ्रुटी पुरे. गोळ्या, टुटीफ्रुटी आणि रंग यांच्या पाकिटांवर हिरव्या वर्तुळाची खूण पाहूनच घ्यावीत, आणि जेलीच्या गोळ्यांत जिलेटिन असू शकते हे ध्यानात ठेवावे.

एका गोष्टीत मात्र मुळीच ढिलाई नको. ज्या मुलाला शेंगदाण्याची अॅलर्जी आहे असे सूनबाई म्हणाली, त्याच्या आईशी आधी बोलून घे आणि प्रत्येक पाकिटावरची अॅलर्जीची सूचना वाच. आपल्या घरांत शेंगदाण्याचे कूट रोज होते, तेव्हा साखर त्याच मिक्सरच्या भांड्यात दळू नकोस, आणि भांडी, चाळणी, ओटा सारे धुऊन मगच कामाला लाग. त्या मुलासाठी वेगळा केक आणून त्याला बाजूला बसवण्यापेक्षा सगळी गाडीच त्याला चालेल अशी करणे मला अधिक योग्य वाटते.

छकुलीला कामात घे. तिला अजून सगळी अक्षरे येत नसली तरी चाके चिकटवणे आणि कोणता डबा कुणाचा हे ठरवणे तिचेच काम आहे. डब्यांवर मुलांची नावे तू लिही, पण क्रम तिला लावू दे. या गाडीविषयीही तिला सांग, की ती १ जून १९३० रोजी पुणे आणि मुंबईच्या दरम्यान धावू लागली, की पहिल्यापासून तिला विजेचे इंजिन होते, त्यामुळे तिच्या केकला धुराडे काढायचे नाही, आणि की आजही दर १ जूनला पुणे स्थानकावर प्रवासी आणि रेल्वेची माणसे या गाडीचा वाढदिवस केक कापून साजरा करतात. कर्जतहून घाट चढताना मागून जोर लावणारी इंजिने जोडतात, हे ऐकल्यावर ती बहुधा मागेही एक इंजिन मागेल. त्यासाठी एक जादा डबा राखून ठेव.

कार्यक्रम असा ठेवावा, असे मला वाटते. आधी पाटावर बसवून सूनबाईने आणि तिच्या आईने औक्षण करावे, मग मेणबत्ती. मेणबत्ती फक्त इंजिनावर लाव. अमेरिकेतील क्लेमसन विद्यापीठाच्या अभ्यासकांनी २०१७ मध्ये दाखवले, की मेणबत्त्या फुंकल्याने केकच्या वरच्या थरावरील जिवाणूंची संख्या सरासरी १४०० टक्क्यांनी वाढते. त्याने सहसा कुणी आजारी पडत नाही, हे खरे. पण इंजिन घरच्यांनीच खायचे असल्यामुळे इतरांच्या डब्यांवर फुंकर जाण्याचे कारणच नाही. डबे इंजिनापासून थोडे दूर मांडून ठेव आणि फुंकल्यानंतर जोडून घे. छकुलीने इंजिन कापले, की तिनेच एकेक डबा उचलून नाव वाचल्यासारखे करत प्रत्येकाच्या हाती द्यावा. नाव वाचायला तू शेजारी बस. चेहऱ्याला केक फासण्याची हौस ज्यांना आहे त्या काका-मामांना तू आधीच, आदराने पण स्पष्ट, नाही म्हणून सांग. डोळ्यांत साखर गेलेल्या मुलाचे रडणे कुणालाच आवडत नाही, आणि अन्न अंगावर फेकण्यासाठी नसते.

जे मूल आजारपणामुळे येऊ शकणार नाही त्याचा डबा त्याच संध्याकाळी त्याच्या घरी पोचव. रखवालदाराच्या मुलाचे आणि तुमच्याकडे कामाला येणाऱ्या बाईंच्या मुलीचे नाव यादीत पहिल्यापासून असू दे, म्हणजे त्यांनाही नावाचा डबा मिळेल. साध्या केकचा तुकडा त्यांच्या हाती देऊ नकोस.

मी २९ तारखेला निघत आहे. बटर पेपर, दातेरी सुरी आणि लोफ टिन माझ्याजवळ आहेत, ते घेऊन येते. आयसिंग शुगर आणि रंग तिथेच घे, आणि मोठ्या फळीला लावायला चांदीसारखा कागद आणून ठेव. चोवीस डबे, इंजिन आणि घाटाचे वळण मावायला फळी किमान चार फूट लांब लागेल.

सूनबाईस आशीर्वाद, छकुलीस गोड पापा.

तुझी,
आई