बंद केलेल्या क्रमांकाबद्दल आणि चुकीच्या लिहिलेल्या नात्याबद्दल तक्रार

प्रति,
ग्राहक तक्रार निवारण अधिकारी,
मोबाइल सेवा विभाग

विषय : मृत खातेदाराच्या व्हॉइसमेलवरचा आवाज न देता क्रमांक बंद केल्याबाबत

महोदय / महोदया,

गेल्या दोन महिन्यांत तुमच्या चार प्रतिनिधींना हे सगळं तोंडी सांगून झालं आहे. दर वेळी नव्याने, पहिल्यापासून. आता लिहूनच देते, म्हणजे पाचव्याला वाचता येईल.

हा क्रमांक माझ्या सावत्र वडिलांचा. ते अचानक गेले. जिना चढताना वळणावर बसले, कठड्याला डोकं टेकलं, संपलं. आदल्या दिवशीपर्यंत साधी सर्दीसुद्धा नव्हती. हृदयाची लय बिघडून ते एकदम थांबलं, असं डॉक्टर म्हणाले. अशा वेळी छाती दाबणारं किंवा विजेचा झटका देणारं कुणी नसेल, तर वाचण्याची शक्यता दर मिनिटाला 7 ते 10 टक्क्यांनी घटत जाते म्हणे. हा हिशेब मी आजही रात्री करत बसते.

शेजाऱ्यांनी मला कळवायला फोन केला तो माझ्या सावत्र वडिलांच्याच मोबाइलवरून. माझ्या स्क्रीनवर ‘काका’ असं नाव आलं. मी उचलला आणि समोरच्याला बोलू न देता म्हणाले, ‘‘काका, मीटिंगमध्ये आहे, नंतर करते,’’ आणि ठेवून दिला. हा कॉल तुमच्या नोंदीत असणारच. चार-पाच सेकंदांचा असेल.

आता मूळ मुद्दा. त्यांच्या व्हॉइसमेलवर त्यांच्याच आवाजातला निरोप होता. चार वर्षांपूर्वी मीच फोन धरून तो रेकॉर्ड करवला होता. ‘‘नमस्कार, मी आत्ता फोन घेऊ शकत नाही, निरोप ठेवा,’’ मग थोडी शांतता, मग ‘‘झालं का गं?’’ आणि मागून माझं ‘‘अहो काका, अजून चालू आहे!’’ पुन्हा करू या म्हटलं तर ऐकेनात. ‘‘राहू दे, घरात माणसं आहेत एवढं तरी कळेल लोकांना.’’ ते गेल्यावर पहिले काही दिवस मी रोज रात्री त्या क्रमांकावर फोन लावत होते. बोलायचं काहीच नसायचं. ‘‘झालं का गं?’’ ऐकलं की ठेवायचे.

हा निरोप हँडसेटमध्ये राहत नाही, तुमच्या सर्व्हरवर राहतो. खातं बंद झालं की तोही जातो. हे माहीत होतं, म्हणून मृत्यूचा दाखला देण्याआधीच मी विचारलं होतं. आधी आवाजाची प्रत द्या, मग क्रमांक बंद करा. शिवाय बँकेचे आणि ई-मेलचे ओटीपी त्याच क्रमांकावर येत होते. खरं तर घरातलं माणूस गेल्यावर त्याचा क्रमांक सगळ्यात शेवटी बंद करायचा असतो. तुमच्या फॉर्मवर एका ओळीत हे छापलं असतं तर कितीतरी लोकांची धावाधाव वाचली असती. प्रतिनिधी म्हणाले, ‘‘काळजी करू नका. दाखला जमा करा, नात्याचा पुरावा द्या, तोवर क्रमांक चालू राहील.’’

तुमच्या फॉर्ममध्ये नात्याचे पर्याय असे : पती/पत्नी, मुलगा/मुलगी, आई/वडील, भाऊ/बहीण, पुतणा/पुतणी, इतर. मी ‘मुलगी’ निवडलं. जन्मदाखल्यावर वडिलांचं नाव वेगळं, म्हणून अर्ज परत. दुसऱ्या वेळी फोनवर तुमच्या माणसाने विचारलं, ‘‘तुम्ही त्यांना काय म्हणायचात?’’ मी म्हटलं, ‘‘काका.’’ त्यांनी सरळ ‘पुतणी’ लिहिलं. पुतणीचा पुरावा माझ्याकडे कुठून असणार? अर्ज पुन्हा परत, या वेळी ‘नात्याची माहिती खोटी’ असा शेरा मारून. तिसऱ्या वेळी ‘इतर’. तेव्हा उत्तर आलं की ‘खऱ्या वारसांचं’ ना हरकत पत्र आणा. आई सहा वर्षांपूर्वी गेली. मग काकांचा सख्खा पुतण्या शोधून काढला. त्याने सही केली आणि वर मलाच विचारलं, ‘‘ताई, तुझ्या बाबांसाठी माझी सही कशाला?’’

ते पत्र घेऊन आले त्याच्या आदल्या दिवशी तुम्ही क्रमांक बंद करून टाकला होता. ज्या दाखल्यावर बंद केला, तो मीच दिलेला. तो घेताना माझं नातं कुणी विचारलं नाही. आणि आठवड्याभराने शेवटचं बिल आलं ते माझ्या नावाने, ‘आपल्या दिवंगत वडिलांच्या खात्यावरील थकबाकी’ असं लिहून! पैसे मागताना तुमच्या संगणकाला वडील बरोबर सापडले. मी बिल भरलं. पावती सोबत जोडली आहे आणि त्यावरच्या ‘वडिलांच्या’ या शब्दाखाली रेघ मारली आहे.

दत्तक घेतलेलं नसेल तर सावत्र मूल बहुतेक ठिकाणी आपोआप वारस ठरत नाही, हे वकिलांनी मला समजावलं आहे. मान्य. पण मी घर मागितलं नव्हतं, ठेवी मागितल्या नव्हत्या. जेमतेम दहा-बारा सेकंदांचा आवाज मागितला होता, आणि त्यातही निम्मी मी आहे.

तुमच्या एका वरिष्ठ बाईंनी फोनवर मला विचारलं, ‘‘म्हणजे तुमचे खरे वडील नव्हते ना?’’ वाईट हेतूने नसेल विचारलं, पण तेव्हापासून ‘सावत्र’ हा शब्द डोक्यात आहे. आपल्याकडे ‘सापत्न वागणूक’ म्हटलं की छळच डोळ्यांपुढे येतो. तो शब्द आला सपत्नीवरून, म्हणजे सवतीवरून. बापाचा त्यात काही संबंधच नाही. इंग्रजी ‘स्टेपफादर’मधल्या ‘स्टेप’चा मूळ अर्थ तर पोरकेपणाशी जोडलेला आहे. माझे जन्मदाते वडील मी चार वर्षांची असताना गेले, काका आले तेव्हा मी नऊची होते. तेव्हा पोरकी होते, आता पुन्हा झाले. अशा, समाज ज्याला दुःख म्हणून हक्कच देत नाही त्या दुःखाला केनेथ डोका या अभ्यासकाने 1989 मध्ये ‘हक्क नाकारलेलं दुःख’ असं नाव दिलं, हे मला समुपदेशकांनी सांगितलं. माझ्या बाबतीत तो हक्क नाकारण्याचं काम तुमच्या सहा पर्यायांच्या यादीने केलं.

आता मला काय हवं आहे ते सांगते. तुमच्याकडे बॅकअप असेल तर त्यात हा निरोप शोधा. ‘सिस्टिममध्ये दिसत नाही’ हे कॉल सेंटरचं उत्तर मला नको. ज्यांच्या ताब्यात सर्व्हर आहे त्यांच्या सहीचं उत्तर द्या. मिळणार नसेल तर तेही स्पष्ट लिहा, म्हणजे मी वाट बघणं थांबवीन. तो क्रमांक काही काळ रिकामा ठेवून तुम्ही दुसऱ्या कुणाला तरी द्याल, ते मला ठाऊक आहे. देण्याआधी मला कळवा. चुकून लावला आणि परक्या माणसाने उचलला, असं मला नको आहे. माझ्या नावापुढचा ‘माहिती खोटी’ हा शेरा काढा. आणि यादीत ‘सावत्र’ घाला. एक ओळ वाढवायला किती वेळ लागतो?

उत्तर पंधरा दिवसांत आणि लेखी द्यावं. कृपया फोन करू नये. तुमच्या कंपनीचा फोन आला की अजूनही क्षणभर वेगळंच वाटतं.

आपली,
खातेदाराची मुलगी

सोबत : मृत्यूच्या दाखल्याची प्रत, ना हरकत पत्र, परत आलेले तीन अर्ज, थकबाकी भरल्याची पावती