मोहाँकला जाताना

बडोदे, १२ ऑगस्ट

प्रिय अविनाश,

सप्रेम नमस्कार. ऑक्टोबरात न्यूयॉर्कला लेकीकडे जातोयस, तर मोहाँक, म्हणजे शहराच्या उत्तरेला डोंगरातल्या तळ्याकाठचं ते जुनं हॉटेल, एका दिवसात उरकू नकोस. नुसतं फिरायचं तिकीट काढलंस तर बाग, वाटा, तळं सगळं बघशील, पण आत जेवणाचं आरक्षण नसेल तर हॉटेलात पाऊल टाकता येत नाही. दोन रात्री राहा. भाडं जबर आहे, पण त्यात तिन्ही वेळचं जेवण आणि दुपारचा चहा धरलेला असतो. शनिवार-रविवार टाळ. न्यूयॉर्कच्या ग्रँड सेंट्रल स्टेशनहून पकिप्सी गावापर्यंत रेल्वे आहे. पुढची टॅक्सी आधीच ठरवून ठेव.

आल्बर्ट स्मायलींनी १८६९ साली ही जागा घेतली, १८७० ला हॉटेल उघडलं, आणि मालकी आजही त्याच घराण्याकडे आहे. क्वेकर या साध्या राहणीच्या ख्रिस्ती पंथाची माणसं, त्यामुळे सुरुवातीला दारू, पत्ते, नाच तिन्ही वर्ज्य! इमारत १९१० पर्यंत वाढतच गेली. एक भाग दगडी, तर त्याला लागून लाकडी. खोली घेताना तळ्याकडची की कॅट्सकिल डोंगरांकडची, हे विचारून घे. माझं मत तळ्याकडची.

आता मुख्य गोष्ट, लेमन स्क्वीझ. तळ्याकाठच्या पडलेल्या कातळांमधून वाट वर जाते, मध्ये लाकडी शिड्या आहेत, आणि शेवटी उभ्या कड्यातली अरुंद भेग. तिथे अंग तिरकं करूनच सरकावं लागतं. पावागडच्या पायऱ्यांचा सराव इथे कामाचा नाही. इथे हात जास्त लागतात. पाठीवरची पिशवी अडकते, ती नेऊच नकोस. पाऊस पडून गेला असेल तर बेत रद्द कर, ओला दगड फार निसरडा. वहिनींचे गुडघे दुखत असतील तर त्यांनी रुंद रस्त्यानं वर यावं. स्कायटॉप मनोऱ्यापाशी भेट होईलच. आधीचे लाकडी मनोरे टिकले नाहीत, म्हणून हा १९२१ ते १९२३ मध्ये दगडात बांधला.

आणखी एक. १८९६ पासून तिथे तापमान आणि पाऊस रोज मोजून नोंदवतात, तेही जागा न बदलता. जागा हलली की जुन्या-नव्या आकड्यांची तुलनाच बिघडते; म्हणून हवामानाच्या अभ्यासकांना त्या नोंदी सोन्याच्या मोलाच्या वाटतात. मला तर त्या घराण्याचं हेच काम सगळ्यात मोठं वाटतं.

गवतात गोचिडी असतात, चावल्या तर लाइम नावाचा आजार होऊ शकतो. पूर्ण पँट घाल, टोकं मोज्यात खोच, आणि परतल्यावर गुडघ्यामागे, काखेत नीट बघ.

वहिनींना नमस्कार.

तुझा,
मधुकर