चिपमधला प्रकाश: कारण नीट सांगा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

परवा तुमच्या पेपरात बातमी होती की आता चिपमध्ये विजेच्या जागी प्रकाश वापरणार आणि डेटा कितीतरी पट जोरात जाणार. असं काही मराठीत छापून आलं की मी पहिले तेच वाचतो, त्यामुळे खूप बरं वाटलं. पण त्यात कारण दिलं होतं की प्रकाश विजेपेक्षा जोरात पळतो म्हणून, ते काही बरोबर नाही, आणि शाळेतली मुलं हेच पाठ करून बसतील म्हणून लिहितोय.

माझी सगळी नोकरी टेलिफोनच्या केबलवर गेली, आधी तांब्याची मग फायबर. काचेच्या फायबरमध्ये प्रकाश सेकंदाला साधारण 2 लाख किलोमीटर जातो आणि चांगल्या तांब्याच्या केबलमधला सिग्नलही जवळपास तेवढाच पळतो. खरा फरक आहे तो एका सेकंदात माल किती भरता येतो आणि वाटेत किती गळतो यात. तांब्यात फ्रिक्वेन्सी वाढवत नेली की करंट तारेच्या नुसत्या वरच्या सालीतून वाहायला लागतो, तार तापते, सिग्नल मरतो, सेकंदाला 100 गिगाबिट तारांच्या एका जोडीवरून न्यायचे म्हटले तर साधी तांब्याची केबल दोनेक मीटरातच दम टाकते. फायबरमध्ये 1550 नॅनोमीटर तरंगलांबीचा प्रकाश एक किलोमीटर जाऊनही 95 टक्के शिल्लक असतो, शिवाय एकाच फायबरमध्ये वेगवेगळ्या रंगांचे प्रकाश एकाच वेळी सोडता येतात, ते एकमेकांच्या वाटेत येत नाहीत.

आता गंमत बघा, समुद्राखालून हजारो किलोमीटर प्रकाशानं आलेला डेटा कॉम्प्युटरच्या डब्याजवळ आला की विजेत बदलतो आणि शेवटचा वीतभर रस्ता चिपपर्यंत तांब्यानं जातो. म्हणजे मुंबईहून ट्रक एबी रोडनं सुसाट यायचा आणि आपल्या सियागंज बाजाराच्या गल्लीत माल हातगाडीवर चढवायचा, तसं. एआयच्या हजारो चिप एकमेकींशी बोलतात तेव्हा ह्या वीतभर रस्त्यावरच भरपूर वीज आणि उष्णता जाते. म्हणून 2025 च्या मार्चमध्ये एनव्हिडिया ह्या चिप कंपनीनं असे स्विच, म्हणजे डेटा इकडून तिकडे वळवणारे डबे, जाहीर केले ज्यात प्रकाशाचा भाग चिपच्या अगदी शेजारी बसवलाय. ह्यानं आपल्या घरचं वायफाय जोरात होणार नाही, ते तुमच्या बातमीत उगाच आलं. खरी बचत डेटा सेंटरच्या विजेत आहे, आणि माझ्या मते ती गोष्ट वेगापेक्षा मोठी आहे.

हे अवघड किती आहे ते मला हातानं माहितीये. फायबर जोडताना मशीनमध्ये दोन टोकं समोरासमोर आणायची, स्क्रीनवर काचेचे दोन दांडे दिसतात, आर्क म्हणजे विजेची ठिणगी पडली की क्षणात एक होतात, लॉस म्हणजे जोडात गळालेला प्रकाश 0.02 डेसिबल आला की निळ्या रंगाचा फायबर झाला, आता नारिंगी, मग हिरवा, मग तपकिरी. कापलेले तुकडे लगेच टेपवर चिकटवायचे कारण एक बोटात घुसला तर दिसत पण नाही. त्या फायबरचा गाभा 9 मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), केसाहून कितीतरी बारीक, आणि तोच जुळवताना आमचा श्वास थांबायचा. चिपवरची प्रकाशाची वाट त्याहून बारीक, साधारण अर्ध्या मायक्रॉनची! 9 मधला प्रकाश अर्ध्यात उतरवायचा आणि सांडू द्यायचा नाही, हे जे लोक करतायत त्यांना माझा खरंच मनापासून नमस्कार.

आणखी एक अडचण म्हणजे चिप ज्याची बनते त्या सिलिकॉनमधून हा फायबरमधला प्रकाश सहज जातो पण ते स्वतः नीट प्रकाश देत नाही, म्हणून लेझर बहुतेक इंडियम फॉस्फाइड नावाच्या दुसऱ्या पदार्थाचा करून जोडतात. 2005 मध्ये इंटेलच्या लोकांनी सिलिकॉनमधूनच सलग लेझर काढून दाखवला तो रामन परिणाम वापरून, म्हणजे सी. व्ही. रामन यांचा 1928 चा शोध, ज्याच्यासाठी आपण 28 फेब्रुवारीला विज्ञान दिन करतो. विज्ञान दिनाच्या भाषणात हे कुणी सांगत का नाही?

आणि आपण कुठे राहतो ते तरी बघा. राजेंद्रनगरच्या पलीकडे आरआरकॅट म्हणजे राजा रामण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्र आहे, 1984 मध्ये त्याची पायाभरणी झाली आणि तिथं लेझरवर काम चालतं, सिमरोलला आयआयटी आहे. इंदुरातल्या मराठी घरांतली किती मुलं रोज त्या रस्त्यानं जातात पण आत काय चालतं ते त्यांना माहीत नसतं. तुम्ही रविवारच्या पानावर तिथल्या शास्त्रज्ञांकडून साध्या मराठीत लिहून घ्या ना, महिन्यातून एकदा तरी, चौकटीतली चार ओळींची बातमी ह्याला पुरत नाही. आणि कुठल्या शाळेला फायबर जोडताना बघायचं असेल तर माझ्याकडे केबलचे तुकडे आणि टॉर्च आहे, मशीन नाहीये पण एका टोकातून प्रकाश टाकला की दुसऱ्या टोकाला ठिपका कसा येतो एवढं मुलांना हातात देऊन दाखवता येईल, कोणत्याही दिवशी बोलवा.

आपला,
एक जुना वाचक
रामबाग, इंदूर